हत्तीचे दात, गाढवांचे पाय

जावाजावांचं पटत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी या दोघींना शेजारी शेजारी बसून 'तांडा' खेळताना पाहिलं नव्हतं, एवढंच.

थोरली मालट्रकांच्या डेपोत कामाला होती. कानाला हेडफोन, समोर भिंतभर नकाशा, आणि गावोगाव पांगलेले ट्रक तिच्या शब्दावर चालणारे. कुणी कुठे वळायचं, कुणी कुठे थांबायचं, कुणाचा माल आधी उतरवायचा, हे ती सांगायची आणि समोरचा ऐकायचा. ड्रायव्हर मंडळी तिला पाठीमागे 'आकाशवाणी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. यंत्राच्या घरघरीत बोललेलं कुणाला ऐकू जात नसे, म्हणून ती बोलतच नसे, आणि हळूहळू तीच सवय घरीही आली. भांडायला निदान दोन तोंडं लागतात, इथे चालू असायचं एकच. दोघी एकाच घरात राहायच्या, थोरली खाली, धाकटी वर. जेवणाचं टेबल मात्र एकच होतं, खालचं.

पत्ते मूळचे त्यांच्या नवऱ्यांचे. हे दोघे भाऊ फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायचे. एका हिवाळ्यात त्यांना तांड्याचं वेड लागलं. पाकिटांमागून पाकिटं घरात आली, आणि मग एका चकाकत्या पत्त्याच्या अदलाबदलीवरून दोघे असे भांडले की आठवडाभर दुकानात एकमेकांशी पान्याच्या खुणेनेच बोलले. शेवटी पत्त्यांचा खोका कपाटावर गेला. पुढे थोरलीचा पाय मुरगळला, ती घरी बसली, आणि बसल्याबसल्या कंटाळून तिने तो खोका खाली काढायला लावला. नियमांचा कागद एकदा वाचला, आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ये गं, बस. कसं खेळायचं ते मी सांगते."

तेव्हापासून ती सांगतच होती.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाची पन्नास पत्त्यांची गड्डी, जिची तिने जमवायची आणि रचायची. पाकिटं विकत घ्यायची, नको ते पत्ते देऊन हवे ते मिळवायचे. पत्त्यांत हत्तींचे, उंटांचे, गाढवांचे तांडे असतात. तांडा वेशीवर मांडायचा आणि तीन मुक्काम करत शहरात पोचवायचा. हत्ती पोचला तर बारा गुण, पण तो प्रत्येक मुक्कामाला पाण्याचा पत्ता घेतल्याशिवाय पाय उचलत नाही. गाढवं पोचली तर दोनच गुण, पण ती बिनपाण्याची चालतात. उंट या दोघांच्या मधला. आधी वीस गुण करील तो जिंकला. प्रत्येक फेरीच्या शेवटी लुटालूट होते. सगळ्यांनी एकाच क्षणी एकेक पत्ता समोरच्यांच्या हव्या त्या तांड्याजवळ उपडा टाकायचा आणि मग उलटायचा. लुटारू निघाला तर तांडा गेला. आधीच राखणदार लावून ठेवला असेल तर एक लुटारू हात हलवत परत जातो.

जोडीने खेळताना दोघांचे गुण एकत्र मोजतात, आणि दर फेरीला जोडीदाराला एक पत्ता देता येतो. शिवाय तेव्हा जोडीदाराचे पत्ते बघायची आणि त्याच्याशी कुजबुजायची मुभा होती. थोरलीने नेमकं इथेच डोकं लढवलं होतं. तिच्या गड्डीत हत्ती आणि लुटारू, दुसरं काही नाही. धाकटीच्या गड्डीत पाणी आणि राखणदार, दुसरं काही नाही. धाकटीकडे स्वतःचा म्हणून एकही तांडा नव्हता. थोरली तिच्या हातातले पत्ते बघायची आणि सांगायची, हे दे, ते ठेव, आता थांब. दोन गड्ड्या आणि एक डोकं. पत्त्यांच्या दुकानात दर महिन्याला सामने होत, आणि दोन वर्षं ही जोडी तिथे कुणाला बधली नव्हती. दुकानातली पोरंटोरं त्यांना 'जावा आणि मंडळी' म्हणत.

नव्या हंगामाच्या तोंडावर दुकानाच्या मालकीणबाईंनी, त्याच सामन्यांच्या परीक्षकही होत्या, पत्ते काढणाऱ्या कंपनीचा नवा नियम सगळ्यांना वाचून दाखवला. यापुढे जोडीदाराचे पत्ते बघता येणार नाहीत. डाव चालू असताना जोडीदाराशी डावाबद्दल अवाक्षर बोलता येणार नाही. पत्ता देता येईल, पण उपडा, आणि न मागता. कंपनीचं म्हणणं असं की जोडीत माणसं दोन बसतात, तर खेळावंही दोघांनी.

दुकानातल्या सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. दरवेळी दुसरा नंबर पटकावणारी एक मामा-भाच्यांची जोडी होती. मामांचं औषधांचं दुकान होतं, भाचा फुटबॉल शिकवायचा. मामा गोड हसून म्हणाले, "काय ताई, आता तुमचा रेडिओ बंद म्हणायचा."

"बंद कुठला, मामा," थोरली म्हणाली. "आवाज कमी केलाय फक्त."

घरी येताना ती मुळीच खचलेली नव्हती. नियम बदलला म्हणून काय झालं, डोकं तेच आहे, असं तिने वाटेत धाकटीला दोनदा सांगितलं. तिचा उपायही तयार होता. सांगता येणार नाही, तर आधीच सांगून ठेवायचं. मी हत्ती मांडला की पाणी द्यायचं. हत्ती दुसऱ्या मुक्कामाला लागला की राखणदार. मी गप्प बसून राहिले तर पुन्हा पाणी. धाकटीने सगळं ऐकून मान डोलावली. रविवारी दुपारी दोघा भावांना हाताला धरून टेबलाशी बसवण्यात आलं, म्हणजे सरावाला समोर कुणीतरी हवं म्हणून.

पहिल्या डावात थोरलीने ऐटीत हत्ती मांडला आणि पाण्याची वाट बघत बसली. धाकटीच्या हातात पाणी आलंच नव्हतं. ती बिचारी राखणदारामागून राखणदार देत राहिली, आणि हत्ती वेशीवरच पहारा देत उभा राहिला. दुसऱ्या डावात उलटं. थोरलीला हत्ती येईना, आणि धाकटीकडून पाण्याचा ओघ थांबेना. हातात हौद भरला, प्यायला कुणी नाही. तिसऱ्या डावापर्यंत, ज्यांनी दोन वर्षं पत्त्याला बोट लावलं नव्हतं त्या भावांनाही कळून चुकलं की धाकटीकडे लुटण्यासारखं काही नाही. मग ते दोघेही एका हत्तीवरच तुटून पडू लागले. तिन्ही डाव भावांनी जिंकले, आणि त्या आनंदात त्यांचं जुनं भांडणही मिटलं.

थोरल्याला बायकोची दया आली. त्याने सुचवलं की खुणा ठरवा. कानाला हात लावलास की पाणी, नाकाला लावलास की राखणदार, कोण बघतंय?

"कानाला हात लावायची वेळ चूक झाल्यावर येते," थोरली म्हणाली. "माझी अजून आलेली नाही."

मग तिने स्वतःची गड्डी बदलून बघितली. काही हत्ती काढले, त्या जागी पाणी घातलं. गड्डी ना धड हत्तीची राहिली ना धड पाण्याची, आणि दुकानातल्या साध्या सरावाच्या डावातही हार झाली. मामांनी त्या दिवशी काही म्हटलं नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी दोघी ओट्यापाशी होत्या. थोरली भांडी विसळत होती, धाकटी पुसून ठेवत होती. थोरली आपल्या तंद्रीत बोलत होती की आता जोडीदार कसा हवा, तर मनातलं ओळखणारा. मी बोलायच्या आत समजणारा. असा जोडीदार मिळाला तर अजूनही जुनीच चाल चालवून दाखवीन.

धाकटीने हातातली ताटली पुसून खाली ठेवली.

"ताई, दोन वर्षांत माझा एकही तांडा शहरात पोचलेला नाही."

"तुझ्याकडे तांडे नव्हतेच."

"तेच म्हणतेय मी."

थोरलीने नळ बंद केला. तिला खरंच आश्चर्य वाटलं. आपण दोघी जिंकतोय, असंच ती इतके दिवस धरून चालली होती. बक्षिसाच्या फोटोत दोघी असायच्या, जिंकलेला करंडक एक महिना खाली, एक महिना वर असायचा. त्यात काही राहून जात असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. वाईट वाटलं, थोडा रागही आला, आणि दोन्हींच्या मागून कुतूहल आलं, कारण धाकटी हात पुसून वर निघाली होती.

ती खाली आली ती एक गड्डी घेऊन. तिने पत्ते टेबलावर ओळीने मांडले. गाढवं, गाढवं, आणि आणखी गाढवं. दुकानाच्या दाराशी एक टोपली असायची, नकोसे झालेले पत्ते लोक त्यात टाकून जात, कुणीही फुकट न्यावेत म्हणून. धाकटीने कामावरून येताजाता ती टोपली चाळून ही फौज उभी केली होती.

मग ती बोलली, आणि तिच्या मानाने पुष्कळ बोलली. तिचं म्हणणं असं होतं. आजवर गाढवांना कुणी विचारत नव्हतं याला कारण होतं. चार-पाच छोटे तांडे मांडले, तर समोरची जोडी कुजबुजून वाटणी करायची, हा तू घे, तो मी घेतो, आणि फेरीला दोन तांडे सहज साफ व्हायचे. आता ती कुजबूज गेली. समोरच्यांनी काय करायचं? दोघेही एकाच गाढवावर तुटून पडतील आणि बाकीची निघून जातील, किंवा एकमेकांच्या भरवशावर राहतील आणि सगळीच निघून जातील. "आपण नुसता आपला तोटा मोजत बसलो, ताई," ती म्हणाली. "आपलं तोंड बंद झालं, तसं त्यांचंही झालंय."

शेवटी तिने तीन पत्ते वेगळे काढून दाखवले. 'बाजार' नावाचा तो पत्ता. तो टाकला की त्या खेपेला शहरात शिरणाऱ्या सगळ्या तांड्यांचे गुण दुप्पट. दोन-तीन तांडे एकदम शिरत असतील तरच त्याचा उपयोग, म्हणून तोही टोपलीतच सापडला होता.

थोरलीने चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत ती टेबलाकडे बघत उभी राहिली. तिचा एक गुण होता. ट्रक चुकीच्या रस्त्याला लागलाय हे कळलं की ती तो वळवायला लाजत नसे, मग तो रस्ता तिनेच का सांगितलेला असेना. चहा गाळेपर्यंत तिने मनातल्या मनात जुनी चाल सोडून दिली होती. एवढंच नव्हे, धाकटीच्या चालीत काय कमी आहे तेही तिला दिसलं होतं. नुसती गाढवं मांडली तर समोरच्यांचं लक्ष गाढवांवरच राहणार. त्यांना बघायला दुसरं काहीतरी हवं. काहीतरी मोठं.

"हत्तीचे दात दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे," ती कप ठेवत म्हणाली. "माझे हत्ती दाखवायचे. लुटू देत खुशाल. ते हत्ती लुटत बसतील, तोवर तू पोच."

"तुम्हाला चालेल?"

"न चालायला काय झालं? पोचलीस म्हणजे झालं."

तिने गड्डी नव्याने बांधली. हत्ती दोनच ठेवले, थोडं पाणी, चार उंट, काही राखणदार, आणि लुटारू भरपूर. दुकानात गाढवांचे चांगले पत्ते मिळवायला ती आपले हत्ती घेऊन गेली तेव्हा लोकांना वाटलं हिने हाय खाल्ली. थोरल्याला तर राहवेना. जेवताना तो म्हणाला, अडला हरी गाढवाचे पाय धरी. "धरते की," ती म्हणाली. "पोचवत असतील तर डोक्यावरही घेईन."

सराव सुरू झाला. गड्डीला फार वेळ लागला नाही, जिभेला लागला. थोरली तोंडात आल्याची गोळी धरून खेळायला बसायची. पहिल्या दिवशी तिने ती चावून भुगा केली. धाकटी मनाला येईल तसं खेळायची, भलत्याच वेळी गाढव पुढे काढायची, नको तिथे थांबवायची, आणि थोरलीच्या कपाळावरची शीर उडायची. डाव संपल्यावर ती सगळं एकदम ओकून टाकायची. धाकटी ऐकून घ्यायची आणि मग सांगायची, का थांबवलं ते. निम्म्या वेळा थोरली बरोबर असायची. उरलेल्या निम्म्या वेळा ती 'हं' म्हणायची, आणि तिच्या 'हं'ला घरात मोठी किंमत होती. भाऊ आता दर रविवारी हरत होते, आणि कुणाच्या चुकीने, यावरून त्यांचं पुन्हा बिनसलं.

विभागाचे सामने एका क्रीडागृहात भरले. जमिनीवर खेळाच्या रंगीत रेघा, त्यांवर घडीची टेबलं, आणि एरवी जिथे कलकलाट व्हायचा त्या सभागृहात परीक्षा चालल्यासारखी शांतता. नव्या नियमाने पुष्कळांची दाणादाण उडवली होती. वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली नवरा-बायको अनोळखी माणसांसारखी एकमेकांकडे बघत होती. कित्येकांनी थोरलीसारखाच जुन्या चालीला ठिगळ लावायचा प्रयत्न केला होता, आणि ते ठिगळ पहिल्याच सामन्यात उसवलं. या दोघींची गाढवं मात्र चालत राहिली. प्रत्येक टेबलावर तेच. थोरली हत्ती मांडायची, समोरच्या दोघांचे डोळे चकाकायचे, दोन लुटारू एकाच हत्तीवर येऊन आदळायचे, आणि तोवर धाकटी दोन-दोन करत गुण जमवायची. हत्ती गेल्यावर थोरली असा काही चेहरा पाडायची की समोरच्यांना तिची समजूत काढावीशी वाटे. शेवटच्या सामन्यापर्यंत त्या अशाच पोचल्या. तिथे मामा आणि भाचा बसले होते. जी जोडी जिंकेल ती देशाच्या स्पर्धेला जाणार होती.

मामा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी या दोघींचे आधीचे सामने मागे उभं राहून पाहिले होते. पहिला हत्ती मांडला गेला तेव्हा मामांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, गाढवं टिपली. भाच्यानेही तेच केलं, पण त्याने वेगळं गाढव टिपलं. एका फेरीत दोन तांडे गेले. हत्ती मात्र कुणी हात न लावल्यामुळे, हातात होतं तेवढं पाणी पीत, सुखाने शहरात शिरला. बारा गुण. त्यावर मामांनी मान हलवली, म्हणजे आता हत्तीही सोडायचा नाही तर.

डाव पुढे सरकला. मामा-भाच्यांचे अठरा गुण झाले. त्यांचा एक उंट शेवटच्या मुक्कामाला उभा होता, त्याच्याभोवती दोन राखणदार, म्हणजे त्याला हात लावायची सोय नव्हती. पुढच्या फेरीत तो शहरात शिरणार आणि खेळ संपणार. या दोघींचे बाराच गुण. या फेरीत मामा-भाचे आधी खेळून झाले होते, पुढच्या फेरीची पहिली पाळी यांची होती, म्हणून अजून एक संधी उरली होती, तेवढीच.

थोरलीने आपला दुसरा हत्ती आत्ताच शेवटच्या मुक्कामाला आणला होता, पण त्यात तिच्या हातातलं पाणी संपलं होतं. हे अर्थात तिलाच ठाऊक होतं. धाकटीचा गाढवांचा एक तांडाही शेवटच्या मुक्कामाला उभा होता, दुसरा त्याच्या एक मुक्काम मागे. पुढचा तर मागच्या फेरीतच शहरात शिरू शकला असता. धाकटीने तो मुद्दाम थांबवून ठेवला होता. त्या वेळी थोरलीला वाटलं होतं की उठावं आणि हिचा हात धरून तो तांडा आत ढकलावा. तोंडातली गोळी कडाडून फुटली होती.

आता ती विचार करू लागली. हातात एक राखणदार होता. तो धाकटीला दिला तर एक गाढवांचा तांडा वाचेल, दुसरा उघडा राहील. आणि वाचून तरी काय, गाढवांचे दोन्ही तांडे पोचले तरी गुण सोळा. पण ही बाई थांबली कशासाठी? काचेच्या कडेवरून केसाएवढा फरक काढायला तासभर घालवणारी ही, उगाच थांबणारी नाही. दोन्ही तांडे एकदम शिरावेत म्हणून ती थांबली असेल, तर तिच्या हातात काहीतरी आहे. थोरलीला ते बघता येत नव्हतं. विचारता येत नव्हतं. ती कडेला बसलेल्या जावेकडे न बघता म्हणाली, मनातल्या मनात, की बरं, मी धरून चालते तुझ्याकडे ते आहे.

मग एकच काम उरत होतं, गाढवांवरून सगळ्यांची नजर उठवणं. थोरलीने राखणदार उचलला आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, आपल्या तहानलेल्या हत्तीपाशी ठेवला.

मामांच्या भुवया वर गेल्या. राखणदार लावलाय म्हणजे हत्ती चालणार. चालणार म्हणजे पाणी आहे. बारा आणि बारा, खेळ खलास. आणि राखणदार असलेल्या हत्तीला पाडायचं तर दोघांचेही लुटारू लागणार.

थोरलीला आता एकाच गोष्टीची धास्ती होती. धाकटीला हे कळलं असेल का? का तिला वाटलं असेल, की शेवटी हिने राखणदार आपल्याच हत्तीला लावला, जित्याची खोड?

धाकटीची पाळी आली. तिने पत्ता ओढला. मागचा तांडा शेवटच्या मुक्कामाला आणला, पुढचा हलवला नाही. मग हातातल्या पत्त्यांवरून एकदा बोट फिरवलं, त्यांतला एक काढला, आणि उपडा, न मागता, थोरलीपुढे सरकवला.

थोरलीने उचलून बघितला. गाढव.

या घडीला तिच्या काडीच्याही उपयोगाचा नसलेला पत्ता. हसू तिच्या नाकापर्यंत आलं आणि तिने ते तिथेच अडवलं. गेली दोन वर्षं ती पाण्याचे पत्ते हातात डावीकडे, अगदी कडेला लावायची, आणि समोर बसणाऱ्या मामांना ते पाठ होतं. तिने ते गाढव तितक्याच गांभीर्याने डावीकडे, कडेला लावलं, आणि सुटकेचा एक बारीक श्वास सोडला.

परीक्षकांनी इशारा केला. चौघांनी एकदम पत्ते टाकले. मामांचा हत्तीपाशी. भाच्याचाही हत्तीपाशी. दोन्ही लुटारू निघाले. पहिल्याला राखणदाराने परतवलं, दुसऱ्याने हत्ती लुटला. भाच्याने टेबलाखाली मूठ आवळली.

नव्या फेरीत थोरलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. तिने पत्ता ओढला आणि हात मांडीवर ठेवला. धाकटीने पहिला गाढवांचा तांडा शहरात नेला, मग दुसरा नेला, आणि त्यांच्या शेजारी 'बाजार' ठेवला. चाराचे आठ. बारा आणि आठ वीस. तिने मान वर केली, तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

डाव संपला होता, तेव्हा बोलायला हरकत नव्हती. पण थोरलीचा हात जिभेच्या आधी पुढे आला. तिने जावेच्या पाठीत एक धपका घातला, तो जरा जोरातच बसला.

मामांनी थोरलीला पत्ते दाखवण्याची विनंती केली. तिने हात उघडून टेबलावर पसरला. मामांनी डावीकडचं गाढव बोटाने जरा पुढे ओढून बघितलं. मग उठून त्यांनी आधी धाकटीशी हात मिळवला, नंतर थोरलीशी. भाच्याला ते म्हणाले की मला बोलता आलं असतं तर मी तुला अडवलं असतं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीही तिथेच टाकलात."

देशाच्या स्पर्धेत त्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकल्या. एव्हाना गाढवांचा बोलबाला झाला होता, आणि दर तिसऱ्या टेबलावर कुणी ना कुणी तीच चाल खेळत होतं. एका बाप-लेकीच्या जोडीने त्यांना हरवलं. त्या जोडीने तांडे मांडले नाहीतच म्हटलं तरी चालेल, नुसते वादळाचे पत्ते टाकले आणि मुक्कामच्या मुक्काम उधळून लावले. थोरलीला ती चाल इतकी आवडली की हरल्यावर ती त्या लेकीपाशी खुर्ची ओढून बसली आणि तिला सगळं विचारून घेतलं.

परतीच्या बसमध्ये दोघींचा वाद जुंपला. थोरलीचं म्हणणं पडलं की वादळांपुढे छोटे तांडे तग धरणार नाहीत, उंटच हवेत. धाकटीला ते साफ नामंजूर होतं. गाढवं ठेवायची, पण एकेक करून काढायची, असं ती म्हणाली, आणि का ते तिने मोठ्या आवाजात, बोटांवर मोजत, मधे कुणाला बोलू न देता सांगितलं. पुढच्या बाकावर झोपू पाहणारे एक गृहस्थ उठून मागे जाऊन बसले. थोरलीने तिला दोनदा तोडायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिला जमलं नाही. उतरायचा थांबा आला तेव्हा विषय नुकता लुटारूंपर्यंत पोचला होता. पिशव्या उचलून दोघी तो वाद तसाच घरापर्यंत घेऊन गेल्या.